सिकल सेलच्या मुलाचं रात्रीचं दुखणं: घरी काय द्यावं, दवाखान्यात काय मागावं

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा दहा वर्षांचा, वजन २४ किलो, एसएस पॅटर्न, म्हणजे आई आणि बाबा दोघांकडूनही सिकलचा दोष आलेला. पाणथरी (प्लीहा) वाढलेली. हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल कधी चालू, कधी बंद. थंडी सुरू झाली की रात्री पाय आणि कंबर इतकी ठणकते की तो ओरडत उठतो. गावातले डॉक्टर कमरेत इंजेक्शन देतात, दोन तास बरं वाटतं, मग पुन्हा तेच. तालुक्याच्या रुग्णालयात एकदा ‘मोबाइल बघतोय की, एवढं काय दुखत असेल?’ असं ऐकावं लागलं. मोठ्या दवाखान्यात मॉर्फिनचं नाव निघालं तेव्हा नातेवाइकांनी ‘पोराला अफूची सवय लावता का’ म्हणत थांबवलं. शिवाय वर्षभरापासून उजव्या जांघेत दुखतं, तो लंगडतो. घरी काय द्यावं, कधी निघावं, मॉर्फिन घ्यावं का?

ताई, आधी मोबाइलचं बोलते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तुमचा मुलगा नाटक करत नाही. ज्या मुलांना लहानपणापासून वारंवार दुखतं ती दुखण्यातही कशात तरी मन गुंतवायला शिकतात. खेळ बघत राहणं, भिंतीकडे तोंड करून गप्प पडणं, कोणी हात लावला तरच कण्हणं, हे सगळं सिकलच्या मुलांमध्ये मी नेहमी पाहते. नाडी आणि बीपी ठीक असू शकतं. हिमोग्लोबिन त्याच्या नेहमीच्या आकड्यावर असू शकतं. क्रायसिस, म्हणजे सिकलच्या दुखण्याचा झटका, आहे की नाही हे ठरवणारी कुठलीही रक्ततपासणी आजही अस्तित्वात नाही. मूल सांगतं तेवढाच पुरावा, आणि तो पुरेसा आहे.

आत होतं काय, तेही सांगते. सिकलच्या हिमोग्लोबिनमध्ये एकाच ठिकाणी बदल झालेला असतो: बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलीन. ऑक्सिजन सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांबट होतं, लाल पेशी कडक होऊन वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. हाडाच्या आतल्या मज्जेला रक्त मिळेनासं होतं. हाडाला फुगायला जागा नसते, म्हणून आतला दाब वाढतो आणि तो ठणका उठतो. वरून सूज किंवा लाली काहीच दिसत नाही. बघणाऱ्याचा विश्वास बसत नाही तो त्यामुळेच. आपल्याकडचा सिकल सौम्य असतो असं जुनी पुस्तकं म्हणतात, कारण भारतीय प्रकारात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं. विदर्भातल्या मुलांच्या वॉर्डात काम केलेला कोणी या वाक्यावर भरवसा ठेवणार नाही.

आता घरचं. दुखणं असह्य होण्याची वाट बघू नका. ‘ठणक सुरू झाली’ असं तो म्हणाला, की त्याच क्षणी पहिला डोस. २४ किलो वजनाला पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने साधारण ३५० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. सिरपच्या बाटलीवरचा आकडा वाचल्याशिवाय चमचा भरू नका. ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅमची बाटली वेगळी आणि २५० ची वेगळी. २५० च्या बाटलीतून त्याला ७ मिलिलिटर लागेल. लघवी नीट होत असेल, उलट्या नसतील आणि मूत्रपिंडाचा किंवा अल्सरचा त्रास नसेल, तर सोबत आयबुप्रोफेन २०० मिलिग्रॅम, काहीतरी खाऊ घालून, दर आठ तासांनी. ही दोन औषधं वेगवेगळ्या घराण्यातली आहेत, म्हणून एकत्र चालतात. पण मेडिकलमधून दोन्ही मिसळलेली गोळी आणली असेल आणि वरून सुटं पॅरासिटामॉलही दिलं, तर नकळत दुप्पट डोस जातो. यकृताला त्याची किंमत मोजावी लागते. हे दोन्ही डोस पुढच्या भेटीत तुमच्या डॉक्टरांकडून एकदा तपासून, लिहून घ्या. वजन वाढलं की बदलतील.

पहिले दोन दिवस औषध घड्याळाप्रमाणे द्यायचं, ‘दुखलं तर’ या हिशेबाने नाही. रात्री झोप लागली तरी मधला डोस चुकवू नये. थोडं बरं वाटलं म्हणून डोस सोडला आणि पहाटे तीनला मूल किंचाळत उठलं, ही तक्रार मला इतक्या आया सांगतात की मी आता औषध लिहितानाच गजर लावायला सांगते. असह्य झालेलं दुखणं खाली आणायला जेवढं औषध लागतं, त्यापेक्षा कमी औषधात सुरुवातीचं दुखणं आवरतं.

सोबत पाणी. सिकलच्या मुलांच्या मूत्रपिंडाला लघवी घट्ट करता येत नाही, त्यामुळे त्यांच्या अंगातलं पाणी लवकर जातं. रात्री गादी ओली होते ती याच कारणाने. त्यावरून रागावू नका आणि ‘रात्री पाणी पिऊ नको’ असं तर चुकूनही सांगू नका. भाताची पेज, ताक, ओआरएस, साधं पाणी, काहीही चालेल, पण दर अर्ध्या तासाला घोटघोट. दुखणाऱ्या भागाला शेक द्या: गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून, आधी स्वतःच्या हातावर तपासून. बर्फ अजिबात नाही, थंडीने रक्तवाहिन्या आणखी आवळतात. कोमट तेलाने हलकं चोळलं तर चालतं, जोर लावून रगडू नये. मोबाइलवर आवडतं काही लावून द्या, गोष्ट सांगा, फुगे फुगवायला द्या. हे औषधाच्या जोडीने करायचं, औषधाच्या जागी नव्हे.

काही गोष्टी माझ्याकडून ठाम ‘नाही’. नाइमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना देण्यावर भारतात २०११ पासून बंदी आहे, तरी ते खेड्यापाड्यांत अजून मिळतं. गावातले डॉक्टर कमरेत देतात ते बहुधा डायक्लोफिनॅक असावं. ते आयबुप्रोफेनच्याच घराण्यातलं आहे. सकाळी घरी आयबुप्रोफेन आणि संध्याकाळी ते इंजेक्शन म्हणजे मूत्रपिंडावर दुहेरी मारा. मांसात सुई टोचून औषध किती आणि कधी पोचेल याचा नेमही नसतो, आणि मूल सुईच्या भीतीने दुखणं लपवायला शिकतं, हा त्याहून मोठा तोटा. कोडीन आणि ट्रॅमाडॉल बारा वर्षांखाली नको: काही मुलांचं शरीर या औषधांचं रूपांतर फार वेगाने करतं आणि श्वास मंदावतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ साली याच कारणाने त्यांना मनाई केली. स्टेरॉइडने दोन दिवस चमत्कार वाटतो आणि बंद करताच दुखणं उसळून येतं. आणि डाग देणं. मेळघाटात डंबा म्हणतात, तुमच्याकडे वेगळं नाव असेल. आजीने प्रेमापोटीच सुचवलं असेल, तरीही नाही. भाजलेल्या जखमेतून जंतू आत गेले तर सिकलच्या मुलाची पाणथरी त्यांच्याशी लढू शकत नाही.

निघायचं कधी? दोन्ही औषधं देऊन तास-दीड तास झाला आणि तो अजूनही रडतोय, चालत नाही, झोपू शकत नाही, तर निघा, सकाळची वाट बघू नका. आणि पुढच्यांपैकी काही दिसलं तर दुखणं कमी असो वा जास्त, त्याच पावली निघा. १०१ च्या वर ताप. छातीत दुखणं, खोकला, धाप. अचानक पांढरा पडलेला चेहरा आणि पोटाच्या डाव्या बाजूला पाणथरी नेहमीपेक्षा मोठी लागणं. बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं. सतत उलट्या. शिवाय आणखी एक, जे मुलं लाजेने सांगत नाहीत: लिंग ताठ होऊन दुखत राहणं. दहा वर्षांच्या मुलाला हे आताच, साध्या शब्दांत, बाबांनी किंवा मामांनी सांगून ठेवावं. चार तास उलटले तर कायमचं नुकसान होऊ शकतं.

पाणथरी कशी तपासायची हे एखाद्या बऱ्या दिवशी डॉक्टरांकडून शिकून घ्या. बरगडीखाली किती बोटं लागते हे तुमच्या हाताला माहीत असलं, की कुठल्याही मशीनच्या आधी तुम्हाला फरक कळेल.

आता दवाखान्यात. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की प्रत्येक वेळी नव्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, तेही रात्री दोनला, रडणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे आणि तो औषधापेक्षा कमी कामाचा नाही: एका पानाचा लेखी बेत. त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून, तो बरा असताना, सही-शिक्क्यासह लिहून घ्या. निदान, वजन, नेहमीचं हिमोग्लोबिन, नेहमीची ऑक्सिजन पातळी, पाणथरी किती बोटं, रक्तगट, आधी कधी रक्त चढवलं, कशाची ॲलर्जी, घरी कोणतं औषध किती वाजता दिलं ते लिहायला मोकळी जागा. आणि खाली, दुखणं तीव्र असेल तर कोणतं औषध, किती, किती वेळाने पुन्हा. त्याच्या तीन झेरॉक्स काढा: एक दप्तरात, एक तुमच्या पिशवीत, एक आशाताईंकडे. मोबाइलमध्ये फोटोही ठेवा. आईचं बोलणं कोणी उडवून लावेल, शिक्क्याचा कागद सहसा उडवत नाहीत. हे असं असू नये, पण आहे.

त्या कागदावर वेळही लिहायला सांगा. अमेरिकन रक्तविकार संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार क्रायसिसमधल्या रुग्णाला पोचल्यापासून तासाभरात वेदनाशामक मिळायला हवं आणि दर ३० ते ६० मिनिटांनी दुखणं पुन्हा विचारायला हवं. ब्रिटनचा नियम तर अर्ध्या तासाचा आहे. ग्रामीण रुग्णालयात हे रोज जमेल असं मी म्हणत नाही. पण ‘आधी रिपोर्ट येऊ द्या, मग औषध’ हा क्रम चुकीचाच आहे, आणि तो बदलायला पैसा लागत नाही.

मुलाने दुखणं सांगायचं कसं? दहा वर्षांचा आहे, आकड्यात सांगू शकेल. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे आजवरचं सगळ्यात वाईट. घरी बऱ्या दिवसांत सराव करून घ्या: ठेच लागली, विचारा किती? दात दुखतो, किती? मग रुग्णालयात तो ‘आठ’ म्हणाला तर त्या आठला अर्थ येतो. लहान भावंडालाही हा आजार असेल तर त्याच्यासाठी चेहऱ्यांचं चित्र असतं. बोलता न येणाऱ्या बाळाचं रडणं, पाय आखडणं, समजूत न पटणं यावरून मोजतात.

मॉर्फिन. होय, घ्यावं, जेव्हा आकडा सात-आठ-नऊ आहे आणि घरच्या दोन औषधांनी उतरत नाही तेव्हा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली मुलांच्या वेदनांसाठी मधली पायरीच काढून टाकली: सौम्य दुखण्याला पॅरासिटामॉल-आयबुप्रोफेन, मध्यम आणि तीव्र दुखण्याला थेट मॉर्फिनसारखं औषध. ते वजनावर मोजून, थोडंथोडं देत, उतार पडेपर्यंत वाढवतात. शिरेतून दिलं तर पंधरा-वीस मिनिटांत, तोंडाने दिलं तर तासाभरात परिणाम दिसतो. शीर सापडत नसेल तर तोंडाने देता येतं, हे डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका.

नातेवाइकांच्या भीतीचं उत्तर थोडं सविस्तर देते, कारण त्यांचं बोलणं अगदीच निराधार नाही. मॉर्फिन अफूपासूनच येतं. बरेच दिवस दिलं तर शरीराला त्याची सवय होते, म्हणून ते एकदम न थांबवता उतरत्या क्रमाने बंद करतात. पण ही शरीराची सवय म्हणजे व्यसन नव्हे. व्यसनात माणूस दुखणं नसतानाही औषधाच्या मागे धावतो. क्रायसिसचे तीन-चार दिवस डॉक्टरांच्या देखरेखीत मोजून दिलेल्या मॉर्फिनने मूल त्या वाटेला जाण्याची शक्यता फार कमी. उलट अपुरा डोस मिळालेलं मूल घड्याळाकडे बघत, सिस्टरची वाट बघत, पुन्हा पुन्हा मागत राहतं आणि मग लोक त्यालाच व्यसनी म्हणतात. डोस पुरेसा मिळाला की हे मागणं थांबतं.

खरी काळजी घ्यायची ती श्वासाची. मॉर्फिन सुरू असताना मूल दर तासाला हाक मारून उठतं का, श्वास मिनिटाला किती, ऑक्सिजन किती, हे कोणीतरी बघायलाच हवं. बद्धकोष्ठ होतंच, त्यामुळे पहिल्या दिवसापासून जुलाबाचं सौम्य औषध सोबत हवं. खाज येऊ शकते, म्हणजे ॲलर्जीच असं नाही. आणि फुगे किंवा तीन चेंडूंचं ते श्वासाचं खेळणं: दर दोन तासांनी दहा दमदार श्वास, जागा असेपर्यंत. छाती आणि पाठ दुखते म्हणून मूल उथळ श्वास घेतं, फुप्फुसाचा तळ बंद पडतो आणि त्यातून ॲक्यूट चेस्ट सिंड्रोम, म्हणजे फुप्फुसाचा गंभीर त्रास, सुरू होतो. सिकलमध्ये जीव घेणाऱ्या कारणांत हे वरचं. ते चेंडूंचं यंत्र स्वस्तात मिळतं, घरीच घेऊन ठेवा.

पेंटाझोसिन आणि पेथिडिन ही दोन इंजेक्शनं सुचवली गेली तर ‘मॉर्फिन उपलब्ध आहे का’ एवढं जरूर विचारा. पेथिडिनचा उरलेला अंश साठत गेला तर झटके येऊ शकतात. मॉर्फिन मिळत नाही याचं कारण बऱ्याचदा कायद्याची जुनी धास्ती असते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याखाली एकेका संस्थेला अनेक परवाने लागायचे. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ते ठेवणं सोपं झालं. तरी छोट्या रुग्णालयांत ते क्वचितच असतं. म्हणून तुमच्या कागदावर दोन पत्ते हवेत: जवळचं रुग्णालय, आणि जिथे मॉर्फिन नक्की मिळतं असं वैद्यकीय महाविद्यालय. दुसऱ्या ठिकाणी आधीच, दिवसा, फोन करून खात्री करा.

दोन मागण्या मात्र तुम्ही करू नका. ‘सलाइन लावाच’ आणि ‘रक्त चढवा’. मूल पीत असेल तर सलाइनची गरज कमी, आणि जास्त सलाइन फुप्फुसात उतरतं. नुसत्या दुखण्यासाठी रक्त चढवल्याने फायदा होत नाही, रक्त दाट होऊन त्रास वाढू शकतो, आणि दर वेळी परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होण्याची जोखीम असते. हिमोग्लोबिन नेहमीपेक्षा बरंच घसरलं, छातीचा त्रास झाला, पक्षाघात झाला, तेव्हा रक्त हवंच. ऑक्सिजनचा मास्कही पातळी ९५ च्या खाली असेल तरच.

हे सगळं क्रायसिस आल्यानंतरचं. क्रायसिस कमी येण्यासाठी सगळ्यात मोठं काम ती चालू-बंद असलेली कॅप्सूल करते. हायड्रॉक्सीयुरिया गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढवतं आणि पेशी वाकण्याचं प्रमाण घटवतं. नागपुरातल्या बालरोगतज्ज्ञांनी २०१२ साली आपल्याच मुलांवरचा अभ्यास छापला: किलोमागे रोज फक्त १० मिलिग्रॅम देऊनही क्रायसिस लक्षणीय घटले. २० च्या हिशेबाने तुमच्या मुलाला ५०० ची एक कॅप्सूल बसते, पण नेमका डोस रक्ताच्या आकड्यांवर डॉक्टर ठरवतील. परिणाम दिसायला काही महिने लागतात, निदान सहा महिने न चुकता घेतल्याशिवाय ‘गुण येत नाही’ असं म्हणू नये. दुखण्याच्या दिवशी ती उपयोगाची नाही म्हणून बंद करायची नाही. सुरुवातीला दर महिन्याला, पुढे दोन-तीन महिन्यांनी पेशींची तपासणी. सरकारी केंद्रात कॅप्सूल संपली असेल तर पुढच्या आठवड्यात या, असं सांगतात आणि तो आठवडा महिन्याचा होतो. घरात पंधरा दिवसांचा साठा उरला की लगेच जायचं, आणि नाहीच मिळाली तर जिल्हा रुग्णालयात सिकल सेलच्या समन्वयकाला भेटायचं. चंद्रपुरात आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या आजारांचं केंद्र आहे, तिथेही विचारा.

थंडीत पहाटे दुचाकीवर पुढे बसवून नेऊ नका. रोवणीच्या दिवसांत त्याला चिखलात उभं करू नका. नदीत डुंबणं उन्हाळ्यातसुद्धा जपून. शाळेत पाण्याची बाटली जवळ ठेवायची आणि लघवीला जायची परवानगी गुरुजींकडून लिहून घ्या. सिकल सेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. प्रमाणपत्र काढलं तर परीक्षेत तासाला २० मिनिटं जास्त मिळू शकतात.

शेवटी ती जांघ. हे दुखणं रात्रीच्या क्रायसिसपेक्षा वेगळं वागतंय: वर्षभर, एकाच जागी, चालताना, आणि लंगडणं. मांडी घालून बसता येतं का, शौचाला उकिडवं बसताना उजवी बाजू अडते का, हे आजच बघा. मांडीच्या हाडाचा गोल भाग रक्त न मिळाल्याने मरू लागतो, ते यात पहिलं डोक्यात यायला हवं. सुरुवातीला एक्स-रे अगदी चांगला येतो आणि लोक निश्चिंत होतात. एमआरआय सांगतो. हे लवकर कळलं तर कुबड्या, वजन न टाकणं आणि फिजिओथेरपीने सांधा टिकवायला वेळ मिळतो. या रोजच्या दुखण्याला मॉर्फिन वाढवत नेणं हे उत्तर नाही. जांघेच्या दुखण्यासोबत ताप आला, पाय हलवू देईना, तर मात्र एमआरआयच्या तारखेसाठी थांबू नका, हाडात पू झाल्याची शक्यता त्याच दिवशी तपासावी लागते. सिकलच्या मुलांच्या हाडात साल्मोनेला जंतू बऱ्याचदा सापडतो, हे तिथल्या डॉक्टरांना सांगायला हरकत नाही. एमआरआय होईपर्यंत पळणं आणि उड्या बंद, शाळेत तो सायकलवर मागे बसून जाऊ दे.